बोटाचं वजन

कॉलेजच्या साहाय्य कक्षात येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बोटाचं आधी वजन व्हायचं. खुर्चीची चाकं अडकवली, हात फळीवर नीट टेकवला, की बटणमास्तर सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा बोटाखाली सरकवायचे आणि म्हणायचे, "दाबा. जीव काढू नका, रोज दाबाल तेवढंच दाबा." आकडा आला की तो तारखेसकट वहीत जायचा आणि त्या आकड्याच्या निम्म्याहून हलकी स्प्रिंग बटणात बसायची. निम्म्याहून हलकी का, तर ते बटण दिवसाकाठी दोन-तीन हजार वेळा दाबायचं असतं. सगळी ताकद एकेका दाबात गेली तर बोट दुपारीच संपावर जातं.

या कक्षातले कॉम्प्युटर एका बटणावर चालत. पडद्यावर अक्षरांच्या ओळी मांडलेल्या असत आणि एक पिवळा पट्टा त्यांच्यावरून खाली सरकत राही. हवी ती ओळ आली की दाबायचं. मग पट्टा त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरके, हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. दोन दाबांत एक अक्षर. या गतीने मुलं निबंध लिहीत, परीक्षा देत, भांडत आणि प्रेमपत्रंही लिहीत. प्रेमपत्राच्या वेळी मास्तर तोंड फिरवून उभे राहत. निदान तसं सांगत तरी.

मास्तर मूळचे घड्याळजी. घड्याळं लोकांच्या मनगटावरून उतरून फोनमध्ये गेली, दुकानावर माशा बसायला लागल्या, तेव्हा कुणीतरी कॉलेजात नाव सुचवलं आणि स्प्रिंगांची ओळख असलेला हा माणूस बटणांच्या कामाला लागला. त्याला आता सोळा वर्षं झाली होती. कुठलंही बटण बोटाच्या टोकाने दाबून ते "चाळीस" म्हणाले की काट्यावर एकोणचाळीस निघे नाहीतर एक्केचाळीस. या गोष्टीचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवतही नसत.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, बटण ज्याचं असेल त्याच्याच बोटाने तपासायचं. "माझ्या बोटाला चाललं म्हणजे चाललं, असं म्हणणाऱ्याला माझ्या कक्षात पाय ठेवू देणार नाही," असं ते नव्या शिक्षकांना दमात घेऊन सांगत. दुसरा, एखाद्याचं बोट चाळीस ग्रॅमच्या खाली आलं की त्याच आठवड्यात त्याला दुसरं काहीतरी शिकवायला घ्यायचं. गाल, भुवई, डोळा, जे शाबूत असेल ते. नवं अंगवळणी पडायला महिने जातात, आणि जुनं पुरतं जायच्या आत ते पडावं लागतं. दोन्ही नियम त्यांनीच केले होते आणि दोन्ही त्यांनीच मोडले. तेही अशा एका मुलीच्या बाबतीत, जिच्याशी खोटं बोलायला वकिलालाही घाम फुटला असता.

तिला सगळे वकीलबाईच म्हणायचे. कायद्याच्या पहिल्या वर्षाला आली तेव्हा अठराची होती. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. मान थोडी वळे, आवाज खणखणीत, आणि डाव्या हाताची तर्जनी. बाकी सगळं आत्याच्या हाती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई नव्हती, वडील फिरतीच्या नोकरीत, म्हणून ही बाई स्वतःचं घर सुनेवर सोपवून भाचीबरोबर मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावरच्या खोलीत राहायला आली होती.

पहिल्या दिवशी तर्जनीने काट्यावर एकशे दहा ग्रॅम दाखवले. वकीलबाईंनी आकडा स्वतः वाचला आणि म्हणाल्या, "मास्तर, एक अट आहे. दर वेळी आकडा मला सांगायचा. चांगला असो, वाईट असो. माझ्या खटल्यातले कागद माझ्यापासून लपवायचे नाहीत."

"कबूल, वकीलबाई," मास्तर म्हणाले.

"तोंडी कबुली कोर्टात टिकत नाही, पण तुमचं वय बघून चालवून घेते."

आत्याने कपाळावर हात मारला. मास्तर मात्र खूश झाले. पोरगी त्यांना तेव्हाच आवडून गेली, आणि पुढचा सगळा घोळ त्या आवडण्यातूनच झाला.

सहा महिन्यांनी आकडा ब्याण्णववर आला. मास्तरांनी सांगितला. वकीलबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अठरा ग्रॅम म्हणजे किती हो? एक पेन्सिल तरी होईल का?" त्यानंतर एकाहत्तर आला. तोही मास्तरांनी सांगितला. या वेळी तिने मान जेवढी वळत होती तेवढी भिंतीकडे वळवली आणि तीन दिवस कक्षात आली नाही. आत्या सांगत आली, "जेवत नाही हो. छताकडे बघत पडून असते."

ते छताकडे बघणं मास्तरांच्या ओळखीचं होतं. त्यांची बायको तीन वर्षं अंथरुणावर होती. दर महिन्याला डॉक्टर तिच्या हाताची पकड मोजत आणि आकडा सांगत, आणि ती तो कॅलेंडरवर लिहून घेई. आकडा उतरला की ती महिन्याची एका दिवसात खचे. शेवटी शेवटी ती कॅलेंडरकडेच बघत पडून राहायची. तिला आजाराने नेलं की आकड्यांनी, हे कुणी सांगावं. मास्तरांनी मात्र आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मास्तरांनी ताकच लपवून ठेवलं.

पुढच्या खेपेला काट्यावर चोपन्न आले. मास्तर म्हणाले, "एकाहत्तर. काडीचा फरक नाही."

वकीलबाईंचा चेहरा असा उजळला की मास्तरांना वाटलं, आपण पुण्यच केलं.

त्यानंतर मागे फिरायला वाटच राहिली नाही. पंचेचाळीस आले तेव्हा ते म्हणाले एकोणसत्तर. खोटं पटावं म्हणून त्यात थोडी घट घालण्याइतके ते हुशार होते. अडतीस आले तेव्हा म्हणाले बहात्तर. "बघा, चढलाच!" तिचं बोट हलकं होत गेलं, तशी ते सकाळी लवकर येऊन बटणात आणखी हलकी स्प्रिंग बसवत गेले. काट्याचं तोंड त्यांनी स्वतःकडे फिरवून घेतलं होतं. एकदा तिने विचारलंच, "काटा तिकडे का वळलाय?"

"तुमच्या बाजूने खिडकीचा उजेड पडतो. आकडे दिसत नाहीत."

"साक्षीदार नजर चुकवतोय," ती म्हणाली आणि हसली. मास्तरही हसले.

बटण तसंच, त्याचा टक् आवाज तसाच, लिहिण्याचा वेगही जवळजवळ तोच. पिवळा पट्टा थोडा सावकाश केला होता, तेही तिला कळू न देता. अडतीस आले त्या दिवशी खरं तर दुसरा नियम लागू झाला होता. गालाचं बटण शिकवायला घ्यायला हवं होतं. पण गालाचं बटण काढलं असतं तर तिने विचारलं असतं की कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मास्तरांनी ते कपाटातच राहू दिलं. एकतीस आले तेव्हाही, आणि चोवीस आले तेव्हाही.

वहीत मात्र ते खरा आकडा लिहीत. घड्याळजीच्या हाताने खोटी वेळ लावली जात नाही म्हणे. तसं त्यांना खोटं बोलवलं, पण लिहवलं नाही. वही कपाटात कुलपात असायची.

आता कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे मास्तरांना कळत नव्हतं असं नाही. ते कुठून फुटेल तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं. सुरुवातीला तर सगळं चांगलंच दिसत होतं. वकीलबाई वर्गात पहिल्या आल्या. वादविवादात त्यांनी दोन मुलांना असं झोपवलं की त्यांतला एक नंतर वही घेऊन मुद्दे विचारायला आला. सहामाही तपासणीला गेल्या तेव्हा तिथे नवे डॉक्टर होते आणि बाहेर रांग लागली होती. "हाताची ताकद कशी आहे?" त्यांनी विचारलं. वकीलबाईंनी पुराव्यानिशी सांगितलं, "बहात्तर ग्रॅम. वर्षभर स्थिर आहे. कक्षात नेमाने मोजतात." डॉक्टरांनी फाइलमध्ये 'स्थिर' असं लिहिलं आणि श्वासाची तपासणी तीन महिने पुढे ढकलली.

ही हकिगत तिनेच मास्तरांना आनंदाने सांगितली. मास्तरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडला. आपलं खोटं आपल्या खोलीतून बाहेर पडून फाइलमध्ये जाऊन बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी ठरवलं की आता सांगायचं. दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा आठ दिवसांवर आली होती, म्हणून परीक्षेनंतर सांगायचं ठरलं. परीक्षेनंतर निकाल होता.

आत्याच्या बोलण्यातूनही काही गोष्टी कानावर येत होत्या. "सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणते हल्ली." "दुपारी जेवल्यावर झापड येते तिला, पूर्वी नव्हती येत." "उशी जरा खाली झाली तरी धाप लागते." मास्तर ऐकत आणि म्हणत, "अभ्यासाचा ताण." बोट झिजतंय त्या अर्थी छातीही झिजत असणार, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण ते कळून घ्यायचं तर वही उघडावी लागली असती.

मग आत्याच्या सुनेला मुलगी झाली.

"चार दिवस जाऊन ये," वकीलबाई आत्याला म्हणाल्या. "नात बघून ये. मी काही आता पहिल्यासारखी नाजूक नाही. आजार थांबलाय माझा. आणि बेल आहे की उशाशी."

बेल म्हणजे वसतिगृहाच्या वायरमनने पहिल्या वर्षी बसवून दिलेलं एक वायरचं बटण. पलंगाच्या कठड्याला चिकटवलेलं, तिच्या तर्जनीखाली येईल असं. दाबलं की दारापाशी रेक्टरबाईंच्या टेबलामागच्या फळीवर लाल दिवा लागे आणि घंटी वाजे. तेव्हा तिने दाबून बघितलं होतं आणि रेक्टरबाई धावत आल्यावर खूप हसली होती. त्यानंतर दोन वर्षांत ते कुणी दाबलं नव्हतं. आत्या त्याच खोलीत झोपायची, तिला हाक पुरे; दारापाशी मात्र हाक पोचत नसे.

जायच्या दिवशी सकाळी आत्या पिशवी खांद्याला लावून कक्षात निरोप घ्यायला आली. "मास्तर, जरा लक्ष असू द्या हं. जेवण भरवायला आणि झोपवायला वसतिगृहातली मदतनीस आहे. आणि बेल मी बघून घेतलीय. वाजते चांगली."

"मग काय काळजी," मास्तर म्हणाले.

कुणाच्या बोटाने बघितली, हे त्यांनी विचारलं नाही. सोळा वर्षं ज्यांनी हाच एक प्रश्न येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारून भंडावून सोडलं, त्या माणसाने तो नेमका त्या सकाळी विचारला नाही.

त्याच दिवशी दुपारी तीनला वायरमन कक्षात आला. हातात वायर गुंडाळलेलं एक बटण. "मास्तर, एवढं बघता का? वरच्या मजल्यावर एका मुलीचा पाय मोडलाय, तिच्या खोलीत लावायचंय. आत अडकतंय काहीतरी."

मास्तरांनी स्क्रू काढले, स्प्रिंगवरची धूळ फुंकली, तेलाचा थेंब सोडला, पुन्हा बसवलं. मग सवयीने बोटाच्या टोकाने दाबून बघितलं.

"कसलं दगडी बटण आहे हे," ते म्हणाले. "साठ असेल."

काट्यावर ठेवून दाबलं. टक् वाजलं तेव्हा आकडा होता एकसष्ट.

"सगळी अशीच आहेत," वायरमन म्हणाला. "तळमजल्यापासून वरपर्यंत. एकाच खोक्यातली. मजबूत आहेत, वर्षानुवर्षं बघायला नको."

"तळमजल्यावरही हेच?"

"हेच."

मास्तरांनी कपाट उघडलं, वही काढली. गरज नव्हती, आकडा त्यांना पाठ होता. तरी उघडून बघितला. चोवीस. कालच्याच तारखेचा.

त्यांची पाचावर धारण बसली. वसतिगृहाचा फोन लावला तर त्यावर कुणीतरी बोलत होतं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस काटा, वही, वायरमन सगळं टाकून धावत सुटला. मधलं मैदान ओलांडायला एरवी त्यांना दहा मिनिटं लागत आणि वाटेत गुडघ्याला दोन शिव्या घालाव्या लागत. त्या दिवशी गुडघा आहे हेच ते विसरले. डोक्यात एकच हिशेब चालला होता: जेवण साडेबाराला, झोपवलं असेल एकला, आता सव्वातीन.

रेक्टरबाई टेबलाशी बसल्या होत्या. फोन नुकताच ठेवून काहीतरी लिहीत होत्या. मागच्या फळीवर एकही दिवा लागलेला नव्हता.

"मास्तर, आत पुरुषांना..."

"वकीलबाई! तिच्या खोलीत चला. आत्ता!"

"अहो, झोपलीय ती. काही हवं असतं तर बेल नसती का दाबली तिने?" रेक्टरबाईंनी फळीकडे हात दाखवला. "बघा, दिवा कुठे लागलाय?"

मास्तर बोळाकडे वळले. त्यांचा चेहरा बघून रेक्टरबाई उठल्या आणि त्यांच्या पुढे धावल्या.

खोलीत पंखा फिरत होता. मदतनीस बाईने दोन उशा दिल्या होत्या, आत्या एकच देत असे. वरची उशी सरकून वकीलबाईंचं डोकं पुढे कलंडलं होतं आणि हनुवटी छातीत रुतली होती. ओठ जांभळे पडले होते. डोळे उघडे होते. रेक्टरबाई किंचाळल्या आणि त्यांनी डोकं उचलून धरलं. मास्तरांची नजर मात्र कठड्याकडे गेली. तर्जनी बटणावर होती. ती दाबत होती. बटण जागचं हललंही नव्हतं, पण बोट थरथरत होतं, सुटत होतं, पुन्हा दाबत होतं.

मग घशातून एक घरघर आली आणि श्वास आत गेला.

रुग्णवाहिका आली. चार दिवस ती राहते की जाते असं चाललं. पाचव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि यंत्राने श्वास द्यायला सुरुवात केली. जीव वाचला. खणखणीत आवाज गेला. कदाचित काही महिन्यांनी थोडा परत येईल, कदाचित नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आत्या नातीला जेमतेम बघून उलट पावली परतली होती. रुग्णालयाच्या बोळातल्या बाकावर बसून ती येईल त्याला एकच सांगे, "मी दाबून बघितली होती हो बेल. माझ्या या अंगठ्याने दाबली. वाजली होती." आणि अंगठा पुढे करून दाखवी, जणू त्यालाच शिक्षा द्यायची आहे. "मी जायलाच नको होतं. माझ्याच हातून झालं."

मास्तर रोज येऊन तिच्या शेजारी बसत. नऊ दिवस त्यांनी ते ऐकून घेतलं. "नाही हो आत्याबाई, तुमचा काय दोष," असं म्हणत, पण मग कुणाचा, हे पुढचं वाक्य तोंडातून निघत नसे. एका म्हाताऱ्या बाईला आपल्या वाटणीचं पाप वाहू देणं, याला भेकडपणाशिवाय दुसरं नाव नाही, आणि ते नाव मास्तरांना ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "ती शुद्धीवर आहे, पण बोलायची सोय नाही. तुमचं ते बटण लावता येईल का?"

मास्तरांनी रात्रीतून एक बटण केलं होतं. त्यात स्प्रिंग जवळजवळ नव्हतीच. केसासारखी एक तार होती, मनगटी घड्याळातून काढलेली. त्यांनी पलंगासमोर पडदा मांडला, बटण तिच्या तर्जनीखाली ठेवलं आणि ते हलू नये म्हणून स्वतःच्या हाताने धरून बसले. पलीकडे आत्या उभी राहिली. वही त्यांनी पिशवीतून आणली होती. का आणली, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

पिवळा पट्टा सरकू लागला. यंत्र तिच्या छातीत हवा भरत होतं, काढत होतं. पट्टा दोनदा पूर्ण खाली जाऊन आला, काही झालं नाही. मग टक्.

तिला पहिलं वाक्य लिहायला अकरा मिनिटं लागली.

बेल बिघडली वाटलं

आत्या हुंदका देऊन म्हणाली, "नाही ग बाळा, बेल चांगली होती. मी..."

पट्टा पुन्हा सरकू लागला होता. आत्या थांबली.

बोट माझं चांगलं आहे म्हणून येईल कोणी म्हणून वाट बघितली मान हलवली नाही

मास्तरांना अर्थ लागायला वेळ लागला नाही. उशी सरकायला लागली तेव्हा तिच्या मानेत थोडी ताकद होती. तेव्हाच मान बाजूला टाकली असती तर हनुवटी रुतली नसती. पण कशाला टाकेल? बहात्तर ग्रॅमच्या बोटाने तिने बेल दाबली होती. आता कुणीतरी येईल म्हणून ती स्वस्थ पडून राहिली, आणि कुणी येत नाही, म्हणजे बेलच बिघडली, असं वाटेपर्यंत मानेत काही उरलं नव्हतं.

टक्. टक्.

आकडा

मास्तरांनी पिशवीतून काटा काढला. बोटाखाली सरकवला. तिने दाबलं.

"सतरा," मास्तर म्हणाले.

तिचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर होते. मग पडद्याकडे वळले.

आधीचे

तेव्हा मास्तरांनी वही उघडली. "आत्याबाई, तुम्ही ऐका," ते म्हणाले. "तुमच्या अंगठ्याने काही झालं नाही. मी हिच्याशी दीड वर्ष खोटं बोललो. हिचं बोट कधीच गेलं होतं. मला ठाऊक होतं, हिला नव्हतं. एवढंच झालं." बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात बटण होतं आणि दुसऱ्यात वही. "वाचतो. पहिला, एकशे..."

टक्.

ते थांबले. पट्टा सरकत होता, ती अक्षरं वेचत होती.

तुम्ही नको

मग यंत्राने चार-पाच श्वास दिले.

आत्या वाचेल

आत्याने मास्तरांच्या हातातून वही घेतली. ओढून घेतली म्हटलं तरी चालेल. चष्मा लावला. तिने मास्तरांकडे बघितलं नाही. एकेका ओळीवर बोट ठेवून, तारखेसकट, अडखळत ती वाचत गेली. एकशे दहा. ब्याण्णव. एकाहत्तर. चोपन्न. इथे तिचा आवाज चिरला, पण थांबली नाही. पंचेचाळीस. अडतीस. एकतीस. चोवीस. वकीलबाईंनी डोळे मिटले नाहीत. भिंतीकडे वळवलेही नाहीत. चोपन्नच्या वेळी खरं सांगितलं असतं तर वळवले असते की नाही, हे आता कुणाला कळणार नव्हतं.

वाचून झाल्यावर पट्टा पुन्हा सुरू झाला. बाहेर औषधांची गाडी बोळातून गेली. परिचारिका येऊन नळी बघून गेली. सव्वीस मिनिटं लागली त्या ओळींना. बोट दोनदा बटणावरून घसरलं, आणि दोन्ही वेळा मास्तरांनी ते उचलून जागेवर ठेवलं.

गाल उद्यापासून

वजन आत्या करेल

स्प्रिंग तुम्ही

"बरं," मास्तर म्हणाले.

त्यांनी आत्याला काटा दिला. तो शून्यावर कसा आणायचा, बोटाखाली तिरपा न होऊ देता कसा धरायचा, आकडा थांबेपर्यंत किती वेळ थांबायचं, हे दाखवलं. आत्या एकदा चुकली, दुसऱ्यांदा जमलं. तिने काटा भाचीच्या तर्जनीखाली ठेवला आणि त्याचं तोंड फिरवून तिच्या डोळ्यांसमोर केलं.

वकीलबाईंनी दाबलं. आकडा बघून त्यांनी पापणी एकदा मिटली, आणि आत्याने तो वहीत लिहून घेतला. मास्तर बसले होते तिथून तो दिसत नव्हता.